पुढे गेलेलं गठुडं

माझे सासरे सोनाजी यांना उभ्या जन्मात एकच मोठा प्रवास करायचा होता, आणि तो त्यांनी सात वर्षं केला. त्यातले सहा दिवस रस्त्यावर गेले. बाकी सगळा काळ ते आमच्या गोठ्याच्या भिंतीसमोर उभे होते.

आमचं गाव साखरा. जायचं होतं बेलदरीला, पैनगंगेच्या पलीकडे, पुसदच्या डोंगरात. अंतर तीस कोस. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजाचं, पण लोक रोज येत-जात होते, बाजार करत होते, पोरी देत-घेत होते. माझ्या सासूबाईंची, द्वारकाबाईंची, मोठी बहीण सत्यभामाबाई बेलदरीला दिलेली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. डोंगरउतारावर चार एकर वावर आणि एक म्हैस, एवढ्यावर ती एकटी राहायची. दोघी बहिणी शेवटच्या भेटल्या त्या १९२० साली, त्यांची आई वारली तेव्हा. मग माहेर संपलं आणि भेटायला जागाच उरली नाही.

मी १९३० साली लग्न होऊन या घरात आले. त्याच वर्षी बेलदरीहून एका व्यापाऱ्याबरोबर निरोप आला की डोळ्यांपुढं जाळं यायला लागलंय, मला दिसतंय तोवर द्वारकेला आणून दाखवा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. निरोप ऐकला तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी तशीच धरून त्या मामंजींकडे बघत राहिल्या. मामंजी म्हणाले, "जायाचं. पर नीट ठरवून जायाचं."

ते ठरवणं मी वर्षानुवर्षं बघितलं.

जायचं तर दिवाळीनंतरच, हे खरं होतं. त्याआधी पैनगंगेत गाडी घालता येत नाही, आणि पुढे ज्वारी राखणीला आली की घर सोडता येत नाही. रब्बीची पेरणी आटपल्यावर मधे पंधरा-वीस दिवसांची सवड सापडते. थंडी नुकती धरायला लागलेली असते, ओढे गुडघ्याखाली आलेले असतात. एवढ्या सवडीत तीस कोस जाणं आणि येणं सहज होतं. माझ्या माहेरची माणसं असती तर निरोप आल्याच्या आठव्या दिवशी बेलदरीत जेवली असती.

मामंजींनी आधी भिंतीवर रस्ता काढला. गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने रेघ, गावाच्या जागी ठिपका, पैनगंगा कपड्याच्या निळीने आणि घाट गेरूने. ते स्वतः हिंगोलीच्या बाजाराच्या पुढे कधीच गेले नव्हते, म्हणून दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायचे, नदीपासून बेलदरीपर्यंत घाट किती? कासार म्हणाला चार. नालबंद म्हणाला सात. रूपसिंग नावाचा बंजारा दरवर्षी बैलं घेऊन तिकडे जायचा, तो म्हणाला दोन. मामंजींनी सातही काढले.

"मामंजी, रूपसिंग तर दोनच म्हणतो," मी म्हटलं.

"व्हय. पर असले तर?"

दर दिवाळीला मी भिंतींना पोतारा द्यायची तेव्हा त्या सात घाटांना वळसा घालून हात फिरवावा लागायचा. सगळा गोठा पांढराशुभ्र आणि मधे ते लाल-काळं-निळं ठिगळ. आल्यागेल्याला मीच सांगायची, आमचे मामंजी प्रवासाला निघालेत.

मग गाडी. टपाची बैलगाडी आमच्याकडे होतीच, पण मामंजींच्या हातात सुतारकामाची कला होती आणि डोक्यात काळजी. वाटेत निवारा मिळाला नाही तर? म्हणून गाडीतच घर करायचं ठरलं. एका बाजूला पाण्याच्या तीन घागरींसाठी गोल भोकांची फळी केली. मागे मातीची चूल बसवली, ती हलू नये म्हणून खाली लोखंडी पत्रा. कंदिलाला आकडा, वाकळींना खण, मिठाच्या डब्याला झाकण, झाकणाला कडी. चाकाच्या मागे एक जाड लाकूड दोरांनी बसवलं, उतारावर दोर ओढला की ते चाकाला आवळायचं. आणि पीठ संपलं तर काय करायचं म्हणून चक्क जातं ठेवायला चौकट केली. "पीठ सोबत न्हेता येतं की," आत्याबाई म्हणाल्या. मामंजींना ते पटलं, म्हणून त्यांनी पिठालाही एक खण केला. जातं राहिलंच.

आता प्रस्थानाचं सांगते, कारण सगळा घोळ तिथे झाला.

आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. लांबच्या गावाला जायचं आहे, चांगला मुहूर्त आज आहे, पण आज निघणं होत नाही. अशा वेळी अंगावरचा एखादा कपडा, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड असं गठुडं बांधायचं आणि जायच्या दिशेला जे घर असेल तिथे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस मुहूर्तावर निघाला असं धरतात. मग दोन दिवसांनी सवडीने जायचं. पाळायच्या गोष्टी दोनच. गठुडं परत आपल्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणलं तर प्रवास मोडला. आणि ज्या घरात ते ठेवलंय त्या घराला, धनी येऊन ते उचलेपर्यंत, कुलूप लावायचं नाही. निघालेला माणूस कधीही दारात येईल, त्याच्या तोंडावर दार बंद दिसू नये.

१९३१ च्या दिवाळीनंतर मामंजींनी पंचांग बघून घेतलं आणि प्रस्थान बांधलं. स्वतःचा एक रुमाल घातला. आत्याबाईंनी आपलं हिरवं लुगडं घातलं. ते त्यांना आक्काने, सत्यभामाबाईने, शेवटच्या भेटीत नेसवलं होतं आणि अकरा वर्षांत त्यांनी ते दोनदा अंगाला लावलं होतं. "आक्काच्या दारात हेच नेसून उतरायचं," त्या मला म्हणाल्या. गठुडं आमच्या गावच्या पूर्वेच्या टोकाला ज्ञानबाच्या घरी गेलं. ज्ञानबाची मेंढरं होती.

त्या वर्षी आमचा एक बैल लंगडला. बरा झाला तोवर मामंजींना आभाळ आल्यासारखं वाटलं. आभाळ गेलं तोवर गाडीच्या आसाला चीर दिसली. ज्ञानबाचं सगळं घर दिवाळीनंतर कुलूप लावून मेंढरांमागे रानोमाळ जायचं, पण या वर्षी त्याच्या बायकोला, सिंधूबाईला, आमच्या गठुड्यापायी घरात अडकून पडावं लागलं. वीस दिवस तिने कळ काढली. एकविसाव्या दिवशी ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"सोनाजीदादा, तुमी निघालात का न्हाई?"

"निघालोच की. मुहूर्तावर निघालो."

"मंग हे रोज वावरात कोण जाऊन राहिलंय? माझी मेंढरं पार कयाधूकाठी गेली आन् मी तुमच्या लुगड्याला राखण बसले! घराला कुलूप लावू का न्हाई तेवढं सांगा."

मामंजी खाली मान घालून ऐकत राहिले. गठुडं घरी आणता येत नव्हतं, सिंधूबाईला अडकवूनही ठेवता येत नव्हतं. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली आणि तिचा त्यांना फार आनंद झाला. गठुडं पुढे न्यायचं. प्रवास तर मोडत नाही, उलट थोडा पुढेच सरकतो.

अशा रीतीने आमचं गठुडं नरसीला गेलं. तिथे नामदेवाच्या देवळाच्या वाटेवर आमच्या भावकीतल्या माणिकरावाचं चुरमुऱ्या-फुटाण्यांचं दुकान होतं. तिथे ते तीन वर्षं राहिलं. गावातली टवाळ माणसं पारावरून हाका मारायची, "काय सोनाजी, कुठवर आलात?" मामंजी अगदी मनापासून सांगायचे, "नरसीपतुर आलो." मग ते हिंगोलीला गुलाबचंदाच्या धान्याच्या दुकानात गेलं, तेव्हा मामंजींनी गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "निम्मी वाट सरली. निघालो तर हावच, आता नुसतं पोचायचं राहिलंय."

दर वर्षी काहीतरी कारण निघायचंच. एका वर्षी माझं बाळंतपण होतं, ते मी समजू शकते. एका वर्षी नदीला पाणी जास्त, एका वर्षी इतकं कमी की चाकं वाळूत रुततील. एका वर्षी गाडी जुंपली, आत्याबाई चढून बसल्या, आणि मामंजींना आठवलं की दोराला पीळ कमी आहे. आत्याबाई उतरल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि शेण काढायला गेल्या.

त्या दिवशी माझा संताप झाला. मी गोठ्यात जाऊन त्यांना म्हटलं, "आत्याबाई, तुमाला राग कसा येत न्हाई? तिकडं मावशीचे डोळे चाललेत. तुमचं चांगलं लुगडं गाव हिंडून राहिलंय आन् तुमी ठिगळं लावून बसल्यात!"

त्यांनी माझ्याकडे न बघता शेणाची पाटी भरली. "ते भितात गं," त्या म्हणाल्या. "विहिरीत उतरायला भीत न्हाईत, सापाला भीत न्हाईत. पर शिवेच्या पलीकडं काय हाय ते ठावं नसलं की त्यांचे हात गार पडतात. माझं लगीन झालं तवापासून बघून राहिले मी. त्यांना वाटतं, वाटंत काई झालं तर हिला मी कसा वाचवू. कुनाला सांगू नको."

"मंग तुमी दुसऱ्याच्या गाडीत जा."

"आन् ते हितं भिंतीपुढं बसून वाळतील. जाऊ आमी. जाऊ."

हे मी ऐकलं आणि नंतर मामंजींशी भांडायची माझी सोयच गेली. माणूस आळशी असला तर त्याच्यावर ओरडता येतं. आपल्याच बायकोच्या काळजीने जो तिला नेत नाही, त्याला काय बोलायचं?

१९३६ साली गुलाबचंद दुकान बंद करून काही महिने त्याच्या मुलखाला जाणार होता. कुलूप लावायचं म्हणजे गठुडं हलवणं आलं. पुसदकडे कापूस घेऊन चाललेल्या एका गाडीवानाकडे त्याने ते दिलं आणि कुणाचं, कुठे जायचं ते सांगितलं. आम्हाला निरोप एवढाच आला की गठुडं पुढे धाडलंय. मामंजींनी भिंतीवर निळ्या नदीच्या पलीकडे कोळशाचा एक ठिपका दिला. "नदी ओलांडली," ते म्हणाले, आणि त्या रात्री भाकरी एक जास्त खाल्ली. ते नक्की कुठे थांबलं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. मलाही नाही सुचलं, खोटं कशाला बोलू.

पुढे दोन वर्षं तशीच गेली. १९३८ च्या कार्तिकातली अमावस्या, वार मंगळवार. दुपारी रूपसिंग आमच्या अंगणात आला, घोंगडी काढली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "सोनाजीभाऊ, तुमी हाव तरी कुठं?"

"म्हंजे?"

"आवंदा बेलदरीत मुक्काम पडला माझा. तुमचं गठुडं दोन सालापासून तिथं हाय, सत्यभामाबाईच्या घरात. पाटावर ठिवलंय. बाई रोज त्याला हळदीकुंकू वाहते." मग तो आत्याबाईंकडे वळला. "बाई, तिचा डावा डोळा गेल्यात जमा हाय. उजव्यानं नुसती सावली दिसते. पुसदला डोळ्यायचा डाक्टर येतो, तंबू ठोकून मोतीबिंदू काढतो. मागल्या साली आला, त्याच्या आंदी आला, आता बी आलाय, पुनवेपर्यंत हाय. सारं गाव सांगून थकलं, पर ती जात न्हाई. म्हनते, माझी द्वारका घरून निघालीय. तिचं प्रस्थान घरात ठिवून कुलूप कसं लावू?"

"शेजारपाजार न्हाई का बसायला?" मी विचारलं.

"शेजारीन म्हनली मी बसते. तर म्हनते, इतक्या सालानं येनाऱ्या बहिणीनं दारात शेजारनीचं तोंड बघावं का?"

आत्याबाई जोत्यावर टेकल्या. मामंजी उठून गोठ्यात गेले आणि त्या भिंतीपुढे उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता पंचांग निघणार, मग पौर्णिमा येणार आणि डॉक्टर जाणार. मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात ते बाहेर आले. त्यांच्या खांद्यावर जू होतं.

"संतराम, बैलं सोड," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

"आवं, आज आवस हाय," आत्याबाई घाबरून म्हणाल्या. "मंगळवार बी हाय."

"मुहूर्त कशाला बघू?" मामंजी म्हणाले. "आपण सात सालं झाली निघालोत. तवाच बघितला मुहूर्त. आता नुसतं पोचायचं राहिलंय."

हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकून कंटाळले होते. त्या दिवशी ऐकलं आणि मी लगेच पीठ बांधायला आत गेले.

मी लेकरं धाकट्या जावेकडे दिली आणि स्वयंपाकाला म्हणून गाडीत बसले. संतराम शेतासाठी मागे राहिला. रूपसिंग वाट दाखवायला पुढे झाला. पहिल्या मुक्कामाला नरसी, मग हिंगोली, मग कळमनुरी. मामंजी बैलांशी एकसारखे बोलत होते, तोंडाला खळ नाही. हिंगोली मागे पडल्यावर मी पाहिलं, त्यांच्या हातातला कासरा घामाने ओला झाला होता, आणि हवा तर अशी गार की आम्ही दोघी वाकळीत गुडघे घेऊन बसलो होतो.

नदीआधी नाक्यावरच्या शिपायाने गाडीत डोकावून पाहिलं. चूल, घागरी, कंदील, खण, जातं. "चाचा, ये गाडी है के घर?" त्याने विचारलं.

"घरच हाय साहेब," मामंजी म्हणाले. "बायको आतच हाय." शिपाई हसला आणि त्याने बांबू वर केला.

पैनगंगा गुडघ्याएवढी होती. बैलं पाणी पीत पीत उतरली. सात वर्षं ज्या नदीचं भय होतं ती ओलांडायला चिलीम ओढायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मामंजी पलीकडच्या काठावर उभे राहून बराच वेळ मागे बघत होते.

पहिल्या घाटाने मात्र आम्हाला धडा दिला. वाट दगडांची आणि चढ उभा. पहिल्याच वळणावर बैलं थांबली. रूपसिंगाने गाडीला फेरी मारली आणि म्हणाला, "भाऊ, येवढं ओझं घिऊन आमचा तांडा बी चढत न्हाई. उतरवा."

पायथ्याला त्याची बहीण रूपाबाई राहत होती, तिच्या अंगणात सामान ठेवायचं ठरलं. आधी जातं उतरलं. मग पिठाचा खण, घागरींची फळी, चूल, पत्रा, कडीचं झाकण. मामंजी एकेक वस्तू स्वतः सोडवत होते. खिळे वाकडे होऊ नयेत म्हणून हळू काढत होते आणि फडक्यात बांधत होते. मला त्या माणसाची इतकी दया आली की मी तोंड फिरवलं. रूपाबाई त्या पसाऱ्याकडे बघून म्हणाली, "हे बी प्रस्थान का?"

"न्हाई बाई," मी म्हटलं. "याला खुशाल कुलूप लावा."

गाडी हलकी झाली आणि बैलं चढली. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. समोर एकदम दरी उघडली, तिच्या पलीकडे दुसरा डोंगर, त्याच्यामागे आणखी. वाट खाली कुठेतरी झाडीत शिरत होती. मामंजी एका दगडावर बसले. पाणी पिण्यासाठी असेल असं मला वाटलं. पण ते उठेनात.

"सुमन," ते हळूच म्हणाले, "मला लई भ्या वाटून राहिलंय."

आत्याबाई गाडीतून उतरल्या, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ उताराच्या वाटेने चालायला लागल्या. अनवाणी, पदर डोक्यावरून घेऊन, वावरात चालल्यासारख्या. पहिल्या वळणाआड दिसेनाशा झाल्या. मामंजी दचकून उठले. "आगं थांब! एकटी कुठं चाललीस?" असं ओरडत त्यांनी कासरा धरला आणि गाडी उतारावर घातली.

त्यांनी केलेलं ते चाकामागचं लाकूड त्या उतारावर असं आवळलं की गाडी हातभरही निसटली नाही. रूपसिंग दोनदा वाकून त्याकडे बघून आला आणि कसं केलं ते विचारत राहिला. त्या एका लाकडासाठी मी त्यांची सातही वर्षं माफ करून टाकली.

दुसरा घाट उतरून बेलदरीत पोचलो तो सहावा दिवस, टळटळीत दुपार. घर शोधावं लागलं नाही. गावात एकाच घराची दोन्ही कवाडं भिंतीला टेकेपर्यंत उघडी होती. उंबऱ्यात एक बाई बसली होती, गाडीच्या आवाजाकडे कान करून.

"कोन हाय?"

"मी, आक्का. द्वारका."

आत्याबाई धावल्या, पण सत्यभामामावशीने हात पुढे करून त्यांना थोपवलं. "आंदी गठुडं उचल," ती म्हणाली. "मंग भेटू." आत पाटावर ते होतं, वरचं फडकं हळदीकुंकवाने लाल-पिवळं झालेलं, शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या. आत्याबाईंनी ते दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. मग मावशी बहिणीच्या गळ्यात पडली आणि दोघी लहान पोरींसारख्या मोठमोठ्याने रडल्या. रडून झाल्यावर मावशीने कोनाड्यातून कुलूप काढून माझ्या हातात दिलं. "लाव आता," ती म्हणाली. दोन वर्षांत ते कुलूप गंजलं होतं, मला त्यात तेल घालावं लागलं.

त्याच गाडीतून तिला पुसदला नेलं. डॉक्टरांनी बत्ती धरून दोन्ही डोळे तपासले. डाव्यात आता काही करता येणार नाही, उजव्यातला मोतीबिंदू निघेल, असं ते म्हणाले. आणि वर म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आणली असती तर दोन्ही वाचले असते."

मामंजींनी ते ऐकलं. तंबूबाहेर आणलेल्या मावशीपुढे ते जमिनीवर बसले आणि हात जोडले, जरी तिला ते दिसणार नव्हतं.

"आक्का, तुमचा डोळा माझ्यापायी गेला. मी भेलो. बाकी काई कारन नव्हतं. मी नुसता भेलो."

मावशीने चाचपडत त्यांचे जोडलेले हात शोधले. "गेला तर गेला," ती म्हणाली. "आईच्या माघारी सोळा सालं मी वाट बघितली न्हाई, निरोप धाडला तरी कुनी येईल असं वाटलं नव्हतं. तुमचं गठुडं आलं आन् मला रोजचं काम लागलं. उठलं की वाटायचं, आज येतील. दोन सालं लई चांगली गेली माझी, सोनाजी."

मामंजी ते ऐकून जास्तच रडले. मी तीन दगडांच्या चुलीवरचं दूध बघायच्या निमित्ताने उठले.

उजवा डोळा कापला. मग आठ दिवस मावशी डोळे बांधून उताणी निजलेली आणि आत्याबाई उशाशी. बाहेर आमची गाडी, तीत मी आणि उरलंसुरलं सामान, गाडीखाली मामंजी. पट्टी सोडायच्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी गठुडं उघडलं. तांदळाचं पीठ झालं होतं, मामंजींच्या रुमालाला कसर लागली होती. हिरव्या लुगड्याला घडीघडीवर भोकं पडली होती. आत्याबाईंनी ते झटकलं आणि भोकं निऱ्यांत जातील असं बेताने नेसल्या.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. मावशीने पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हिरवं दिसून राहिलंय," ती म्हणाली. "मी दिलेलं हाय का हे?"

"व्हय, आक्का."

डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा तिच्या नाकावर धरला आणि पुढे-मागे करत एका जागी थांबवला. एका डोळ्याने ती बहिणीचा चेहरा बघत राहिली. कपाळ, सुरकुत्या, कानाजवळचे पांढरे केस. अठरा वर्षांपूर्वी तिने निरोप दिला होता तो सत्तावीस वर्षांच्या बाईला.

"म्हातारी झालीस की गं, द्वारके," ती म्हणाली.

"व्हय आक्का," आत्याबाई म्हणाल्या. "येता येता झाले."

तंबूच्या दाराशी मामंजी उभे होते. त्यांनी फक्त मान खाली घातली.

मामंजी १९४७ साली गेले. तोवर आणखी आठ वेळा ते आत्याबाईंना घेऊन बेलदरीला जाऊन आले. रब्बी आटपली की सकाळी उठून म्हणायचे, "चला," आणि आम्ही पीठ घेईपर्यंत गाडी जुंपून तयार असायची. पंचांग बघितलं नाही, प्रस्थान ठेवलं नाही. पहिल्या खेपेहून परत आलो त्या दिवशी त्यांनी बैलांना पाणी पाजलं, ओलं फडकं घेतलं आणि गोठ्याच्या भिंतीवरचे पाच घाट पुसून काढले. दोन राहू दिले. पोतारा देताना मी आजही त्या दोनांना वळसा घालते.